लग्नाच्या आरशावरचे नाव

आरशावर नाव घालायचे तर ते उलटे घालावे लागते. काचेच्या मागच्या बाजूने, उजवीकडून डावीकडे, प्रत्येक अक्षराचे तोंड फिरवून, म्हणजे समोर उभ्या राहणाऱ्याला ते सुलटे दिसते. ऱ्हस्व वेलांटी दीर्घाच्या बाजूला जाते, दीर्घ ऱ्हस्वाच्या, आणि नवशिक्याचा हात नेमका तिथे चुकतो. चौदाव्या वर्षी मला हे काम कच्चे न काढता जमत होते. पुढे मी वर्तमानपत्रात गेले तेव्हा छापखान्यात अजून खिळे जुळवत. त्या टेबलाशी उभी राहून मी उलटे शिसे सरळ वाचत असे आणि जुळारी मंडळींना ते आवडत नसे, कारण त्यांच्या चुका प्रूफ निघण्याआधीच सापडत. हे कुठे शिकलीस, असे त्यांनी विचारले की मी सांगे, घरी. त्यापुढचे मी कुणाला सांगितले नाही. ते इथे लिहिते आहे.

आमचे दुकान पेडण्याच्या बाजारात होते. पुढे फळ्यांचे दुकान, मागे घर, मधे काच ठेवायची अरुंद खोली. वडील आरसे करत आणि जुन्या आरशांना पारा चढवत. पारा हा लोकांचा शब्द. त्यात पारा नव्हता. चांदीचे मीठ, अमोनिया आणि साखरेचे पाणी एकत्र ओतले की काचेवर आधी चहासारखा रंग येई, मग शाई, आणि मग एका क्षणी त्यात माणसाचे तोंड दिसू लागे. त्या मिठाने वडिलांच्या बोटांची टोके कायमची काळी झाली होती. विहिरीचे पाणी या कामाला चालत नसे. पावसाचे पाणी चिनी बरण्यांत भरून ठेवलेले असे आणि त्याला हात लावायची आम्हाला बंदी होती. चांदी सुकली की तिच्यावर शेंदरी रंगाचे दोन हात. तो रंग बसेपर्यंत आरसा उघडा असतो, वडील म्हणत, तान्ह्या मुलाच्या टाळूसारखा. खाऱ्या हाताचे बोट जरी लागले तरी त्या दिवशी काही दिसत नाही. पाऊस येतो, ओल धरते आणि बोट जिथे लागले तिथे चांदी काळी पडते. माझी आई आगरवाड्याची, मिठागरवाल्यांच्या घरातली. ती काचेच्या खोलीत डोकावली की वडील ओरडत, "आगरांतलीं माणसां तुमी! हात धुवन ये गो!" आई म्हणे, "म्हज्या म्हायेरच्या मिठान तुमची पेज लागता, तेन्ना हात धुवूंक ना?"

मोठे आरसे जात ते मोठ्या घरांत. ख्रिस्ती भाटकारांच्या, म्हणजे जमीनदारांच्या, दिवाणखान्यांत ते समोरासमोर जोडीने लागत आणि त्यांच्या चौकटीवर मुकुट असे. हिंदू घरांनी आरसा उचलला, मुकुट टाकला आणि तिथे कलश बसवला. द्राक्षांचे घोस तेच राहिले, त्यांत पोपट आले. आरसा भिंतीला सपाट लावायचा नाही, वरून चार बोटे पुढे कलता ठेवायचा, म्हणजे डोक्यापासून पावलापर्यंत माणूस मावतो. मुलीच्या लग्नात असा आरसा द्यायची पद्धत आमच्या भागात काही घरांत होती. त्यावर वरच्या बाजूला, फुलांच्या कमानीत, सोनेरी अक्षरांत नवरीचे नाव असे. माहेरचे नव्हे. सासरी तांदळाच्या ताटात अंगठीने जे नाव लिहायचे ते.

माझी बहीण गोदावरी माझ्याहून चार वर्षांनी मोठी. घरात ती गोदू. तिचे काम ऐकण्याचे होते. पेटीतून काच आली की प्रत्येक तावावर ती बोटाच्या सांध्याने टिचकी मारी आणि कान लावी. डोळ्यांना न दिसणारा तडा तिला ऐकू येई. "हो फुटलो," ती म्हणे आणि ताव बाजूला ठेवी. वडिलांनी सुरुवातीला दोनदा तिचे न ऐकता त्यावर काच कापायची हिऱ्याची लेखणी चालवून पाहिली. दोन्ही ताव हातात दुभंगले. नंतर ते नुसते विचारत, "कितें म्हणटा?" आणि ती सांगे. सकाळी पोदेर, म्हणजे पाववाला, उंडे पाव घेऊन यायचा तेव्हा त्याचा भोंगा आम्हाला ऐकू येण्याआधी गोदू दारात टोपली घेऊन उभी असे. एवढे तिच्या कानांविषयी पुरे.

तिचे लग्न डिचोलीकडच्या कारापूरला ठरले. घर व्यापाऱ्याचे, नवरा विनायक, वडील नसलेला. कारभार त्याच्या आईचा, तिला सगळे माई म्हणत, आणि बाहेरची बोलणी चुलत्याची. लग्नाआधी तीन आठवडे चुलत्यांनी एक चिठ्ठी पाठवली. तिच्यावर एकच शब्द होता: सुलक्षणा. आरशावर आणि भांड्यांवर घालायला. वडील तो आरसा त्याआधीपासून करत होते, एकूण दोन महिने. शिसवी चौकट, दोन्ही अंगांना द्राक्षे, प्रत्येक घोसापाशी पोपट, आणि पोपटांच्या चोची एकमेकांकडे. काच गोदूने स्वतः टिचकी मारून निवडली. नाव मी घातले. तिने माझ्या खांद्यावरून ते उलटे वाचायचा प्रयत्न केला आणि विचारले, "हें कोण गो?" मी म्हटले, "तूं." आम्ही हसलो.

अकरा महिन्यांनी चुलते आणि विनायक तिला परत घेऊन आले. दुपारची जेवणे झाली होती. करेरीतून, म्हणजे बसमधून, तिघे उतरले; तिची ट्रंक विनायकने दुकानाच्या पायरीवर ठेवली आणि तो पायरीखालीच उभा राहिला. गोदू सरळ आत गेली. चुलते बसले, पाणी प्याले आणि गोदूविषयी म्हणाले, "चली बरी. पूण तें आयकना. बहिरें."

वडिलांनी हातातली लेखणी खाली ठेवली. "कोण बहिरें?"

"तुमचें चलें. माई पोरसांतल्यान हाक मारता, घोव माळयेवयल्यान आपयता, तें फाटीं वळून पळयनासुद्दां. वर्स जायत आयलें. लोकांमुखार आमी कितलें हांसें करून घेवचें?"

"कसल्या नांवान आपयतात?"

"कसल्या म्हणल्यार? सुलक्षणा म्हूण. तेंच ताचें नांव न्ही?"

वडिलांनी मान वळवली नाही, आवाज चढवला नाही. बसल्या जागी, शेजारच्या माणसाशी बोलावे तसे म्हणाले, "गोदू." आतल्या खोलीतून, दोन भिंतींपलीकडून, उत्तर आले, "कितें, बाबा?"

मला वाटले, झाले. आता हे उठतील, माफी मागतील आणि तिला परत नेतील. मी सोळा वर्षांची होते. चुलत्यांनी घाम पुसला आणि म्हणाले, "पळयात. बापायचें आयकता आनी घोवाचें आयकना. तें चड वायट." आणि ते उठले. विनायक पायरीवरच्या ट्रंकेकडे पाहत होता.

गोदूने मला नंतर सांगितले की पहिले सहा महिने तिला खरोखरच कळत नसे. सुलक्षणा अशी हाक आली की ती मनात म्हणे, कुणाला तरी बोलावताहेत. आणि ते आपण आहोत हे आठवेपर्यंत माई समोर येऊन उभ्या असत. मग तिने सवय केली. पण तोपर्यंत माईंनी ठरवून टाकले होते. बहिरी हा शब्द त्यांच्या सोयीचा होता. त्यात सुनेचा दोष होता, फसवणूक माहेरची होती आणि सासरकडे काहीच येत नव्हते. पुढे वकिलाकडे फारकतीचा कागद झाला. गोदूने सही केली ती "गोदावरी" अशी. कारकुनाने ती खोडून "सुलक्षणा" करायला लावली, कारण लग्नाच्या नोंदीत तेच नाव होते. भांडी आणि आरसा मागाहून पाठवतो, असे चुलते म्हणाले. काही आले नाही.

बहिरी हा शब्द मात्र आला. तो डिचोलीहून म्हापशाला आणि म्हापशाहून पेडण्याला किती दिवसांत पोचला याचा हिशेब मी ठेवला नाही, पण चतुर्थीपर्यंत बाजारात सगळे गोदूशी मोठ्याने बोलू लागले होते. समोरचे किराणावाले शिवरामभाऊ, ज्यांनी तिला कडेवर खेळवले होते, ते रस्ता ओलांडून येत आणि तिच्या तोंडाशी वाकून ओरडत, "गोदू! जेवलें गो?" ती हळू म्हणे, "जेवलें, भाऊ." त्यांना ते ऐकू जात नसे. हरमलहून एक स्थळ आले आणि आधी कानांची चौकशी झाली. पाहायला आलेल्या बाईने गोदूच्या पाठीमागे जाऊन टाळी वाजवून पाहिली. गोदू दचकली नाही. तिने बाईची पावले ऐकली होती आणि टाळी येणार हे तिला कळले होते. त्या बाईने घरी जाऊन काय सांगितले असेल ते उघड आहे.

मी माईंना एकदाच पाहिले होते, लग्नात. ठेंगणी बाई, नाकात मोठी नथ, आवाज मऊ. त्या आवाजाने त्यांनी गोदूला हाक मारली असेल आणि पाठ फिरलेली पाहून ओठ मुडपले असतील, हे दृश्य मी रोज मनात लावून पाहत असे, फोटो लावून पाहावा तसे. मला काय हवे होते ते मला नेमके माहीत होते. त्यांनी गोदूचे खरे नाव घ्यावे, लोकांसमोर, आणि ते घेताना त्यांना त्रास व्हावा. दोन्ही गोष्टी. पहिली एकटी मला पुरली नसती.

पुढच्या उन्हाळ्यात विनायकचे दुसरे लग्न झाले. मुलगी लाटंबार्शाची, काजूच्या बागायतीवाल्यांची. लग्नाला पंधरा दिवस झाले असतील, एक जीप दुकानासमोर थांबली आणि चुलते उतरले. मागून दोन गड्यांनी चादरीत गुंडाळलेले काही उतरवले. चादर सुटायच्या आधीच पोपटाची एक चोच बाहेर आली होती. आमचा आरसा होता. भिंतीची ओल लागून खालच्या कोपऱ्यातला पारा सुटला होता.

"पावसा आदीं तयार जाय," चुलते म्हणाले. ते वडिलांशी बोलत होते पण पाहत चौकटीकडे होते. "पारो नवो चडय. नांव आसा तशेंच दवर."

"तशेंच?"

"नवे व्हंकलेचें नांवय सुलक्षणा. माईनीं तशेंच दवरलां. आयदनांचेर कोरलां न्ही. परतून कोण कोरीत बसतलो?"

नव्या नवरीला जुने नाव, कारण भांड्यांवर ते आधीच कोरलेले. हे त्यांनी लपवले नाही, काटकसर म्हणून सांगितले. पेडण्यात दुसरा आरसेवाला नव्हता, म्हापशात होता. ते म्हापसा ओलांडून आमच्याकडे आले होते. का, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. माझा निष्कर्ष असा की त्यांना यात काही गैर वाटतच नव्हते. आरसा जिथे झाला तिथे तो दुरुस्तीला न्यायचा.

गडी गेल्यावर आई आतून आली. तिने आरसा पाहिला आणि वडिलांना म्हणाली, "चुलीत घाला तो." वडील म्हणाले, "आरशान कितें केलां?" आणि त्यांनी चौकटीचे खिळे काढायला घेतले. ते घाबरट नव्हते. आलेले काम चुकीच्या माणसाचे असले तरी काम चुकीचे करायचे नाही, एवढाच त्यांचा धर्म होता. मी त्या धर्माची नव्हते.

त्या वर्षी गोव्यातल्या सगळ्या भिंती भाषेबद्दल बोलत होत्या. मराठी हवी म्हणणारे आमच्याकडून फलक रंगवून नेत आणि कोकणी हवी म्हणणारेही. दोघांची अक्षरे मीच काढत असे. एका फलकावर "आहे", दुसऱ्यावर "आसा", कुंचला तोच. त्यामुळे मी दिवसभर दुकानात आणि माझ्या हातात रंग, याचे कुणाला आश्चर्य वाटत नसे. वडिलांनी तेजाबाने जुनी चांदी काढली, मी सोनेरी अक्षरे पुन्हा उजळली, गोदूने खडूच्या पुडीने काच घासली. तिने ती घासली हे मी लिहून ठेवते. दुसऱ्या दिवशी सकाळी चांदी चढली. दुपारी ती सुकत होती, वडील जेवून आडवे झाले होते आणि शेंदरी रंग संध्याकाळी लागायचा होता.

स्वयंपाकघराच्या फळीवर आईने मिठाच्या पाण्यात घातलेल्या तोरांची बरणी होती. तोरे म्हणजे कोवळ्या कैऱ्या. त्या वर्षभर पेजेबरोबर तोंडी लावायच्या. त्यांचे पाणी खारट आणि आंबट दोन्ही असते. मी वाटीत थोडे काढले, काडीला कापूस गुंडाळला आणि आरशाच्या पाठीवर, उभ्या बाईचा चेहरा जिथे येईल त्या उंचीवर, सहा बोटे उंच अक्षरांत नाव लिहिले. गोदावरी. उलटे, उजवीकडून डावीकडे. दीर्घ वेलांटी फिरवताना हात थांबला नाही. पाणी पाच मिनिटांत सुकले आणि चांदीवर काही दिसेना. संध्याकाळी वडिलांनी त्यावर रंगाचे दोन हात दिले. समोरून आरसा निर्दोष होता. मी त्यात माझा चेहरा पाहिला. तो शांत होता. जीप आली आणि आरसा घेऊन गेली.

मग मी पावसाची वाट पाहिली. जूनमध्ये तो उशिरा आला तेव्हा मला झोप लागत नसे. जुलैत कपडे वाळेनात, पापडांना बुरशी आली, दुकानाची फळी फुगून बसेना, आई कातावली, आणि मी मनात म्हणत होते, अजून. कारापूरच्या त्या भिंतीची ओल मला माहीत होती. तिने एक पारा आधीच खाल्ला होता. आषाढ गेला. श्रावण गेला. तिकडून काही कळायला मार्ग नव्हता. मी पुढे अनेक बातम्यांची वाट पाहिली आहे, निकालांची, मृत्यूंची. इतक्या एकाग्रतेने कुठलीच नाही.

नवरात्राच्या आधल्या आठवड्यात एक तरुण बाई दुकानात आली. हिरवी साडी, हातात छत्री, बरोबर कोणी नाही. तिने भिंतीवरचे आरसे एकेक पाहिले, पण कशातही स्वतःला पाहिले नाही. वडील चौकटीला रंधा मारत होते.

"आरशेकार तुमीच? हांव कारापूरसावन आयलें. विनायकाची बायल."

वडिलांचा रंधा थांबला. मी कुंचला पाण्यात घातला. तिने चुरगळलेला रुमाल दोन्ही हातांत धरला आणि सरळ सांगायला सुरुवात केली. श्रावणात आरशावर आधी तपकिरी डाग आला, चहा सांडावा तसा. माईंनी राखेने घासला. डाग काचेच्या पुढे नव्हताच. मग त्या डागाला आकार येऊ लागला. माईंनी त्यावर कापडी तोरण बांधले. चतुर्थीला गणपती त्याच आरशासमोर बसला, मूर्तीच्या मुकुटाच्या वर ते तोरण. आरतीला सगळा वाडा जमला होता. भटजींनी पंचारती उचलली आणि म्हणाले, "हें तोरण काडात, ज्योत लागतली." माई म्हणाल्या, राहू दे. भटजींनी स्वतःच ते ओढले.

"आनी मागीर?" मी विचारले.

"मागीर कितें. काळीं अक्षरां, आनी वयर सोनेरी म्हजें नांव. भटजीन मोट्यान वाचलें. गोदावरी. म्हणाले, हें कोणें बरयलां? माई म्हणाल्यो, कोणेंच ना, ओल ती. भटजी म्हणाले, ओल खंय अशीं अक्षरां काडटा? माई, तुमच्या घरांत गंगा-गोदावरी आयल्या! आनी हात जोडले. मागीर सगळ्यांनी जोडले."

"माईनीं?"

"माईंच्या हातांत फुलां आशिल्लीं. सगळीं पळयतालीं. घालचींच पडलीं."

तेव्हापासून रोज सकाळी त्या नावाला हळदकुंकू लागत होते. कारापूर-साखळीच्या बाया ओटी घेऊन येत होत्या. आणि घरातले कोणी ते नाव उच्चारत नव्हते; "ती" म्हणत. शेवटी तिने नवऱ्याला खोलीत गाठून विचारले, ही नदी आहे तर तू तिच्याकडे पाहत का नाहीस. तेव्हा त्याने पहिल्या बायकोचे नाव सांगितले. आरशाबद्दल आणि भांड्यांवरच्या नावाबद्दलही. "आयदनां पोरनीं आनी नांव नवें," ती म्हणाली, "म्हाका तेन्नाच दिसलें. हांव म्हायेरची शेवंती. तें नांव आतां कोण घेना." मग तिने वडिलांकडे पाहिले. "कोणें बरयलें तें?"

वडिलांना यातले काही माहीत नव्हते. त्यांनी आधी माझ्या हातांकडे पाहिले, मग तोंडाकडे. दोन्ही त्यांना पुरेसे वाटले असावे. "मीठ लागलां आसतलें," ते म्हणाले. "हिची आवय आगरांतली." आणि रंधा पुन्हा चालू झाला.

शेवंती पुढे म्हणाली, "म्हाका सांगिल्लें, पयली बहिरी आशिल्ली." हे तिने हळू म्हटले, वडिलांना लागू नये म्हणून. काचेच्या खोलीतून गोदू बाहेर आली. हातांना खडूची पूड होती.

"आयकतां हांव," ती म्हणाली. "ताणीं म्हाका केन्ना हाक मारूंकूच ना."

मी नंतर मुलाखती घेतल्या, त्यांत गप्प बसायचे कधी ते शिकले; त्या दिवशी ते आपोआप जमले. शेवंतीने विचारले, "आरसो भिंतीवयलो काडूं? हांवें हट्ट धरलो जाल्यार घोव काडटलो. तुजें नांव तें, तूं सांग."

मी गोदूकडे पाहिले आणि पहिल्यांदा मला भीती वाटली. मी तिला विचारले नव्हते. ज्या घरातून ती सुटली होती त्या घराच्या भिंतीवर तिचे नाव मी कायमचे घातले होते. तिने ते पुसायला सांगितले असते तर तो तिचा हक्क होता आणि माझे सगळे वर्ष फुकट होते. गोदूने पदराला हात पुसले.

"नाका," ती म्हणाली. "पुजूं दी तांकां."

शेवंतीच्या ओठाचा एक कोपरा वर गेला. चहा घेऊन ती दुपारच्या करेरीने गेली आणि तिने गोदूचा शब्द पाळला. ती रोज दिवेलागणीला आरशापुढे निरांजन ठेवी आणि शेजारणींच्या देखत आत हाक मारी, "माई, येयात, हात जोडूंक." हे तिनेच मला पुढे सांगितले. माईंचे म्हणणे मी कधीच विचारले नाही. बातमीदार म्हणून ही उणीव आहे. ती मी भरून काढणार नाही.

बहिरी या शब्दाचे काय झाले, तर शेवंतीने तो खोडला. लाटंबार्शाला, कारापूरला, जिथे बसली तिथे तिने सांगितले की आपण पेडण्याला जाऊन आलो आणि ती बाई आपल्यापेक्षा चांगले ऐकते. पेडण्यापर्यंत ते यायला एक वर्ष लागले. आरोप पोचायला जेवढा वेळ लागतो त्यापेक्षा खुलासा पोचायला जास्त लागतो, हे प्रमाण मला नंतरच्या आयुष्यात कुठेही बदललेले दिसले नाही. शिवरामभाऊ मात्र ओरडतच राहिले. त्यांना सवय झाली होती.

पुढच्या चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी चुलते आले. या वेळी जीप नव्हती. दुकानाच्या पायरीवर ते उभे राहिले आणि इकडेतिकडे पाहून घेतले. बाजार भरला होता, सणाचा दुसरा दिवस, नेवऱ्यांची, म्हणजे करंज्यांची, देवाणघेवाण चालली होती. हातात केळीच्या पानाचे पुडके होते, हळदीच्या पानात उकडलेल्या गोडाचा वास त्यातून बाहेर येत होता. गोदू फळीवर बसून काचेचे ताव तपासत होती. चुलते तिच्याजवळ वाकले आणि अगदी हळू, मला जेमतेम ऐकू येईल असे म्हणाले, "माईनीं पातोळ्यो धाडल्यात. शेवंतीचो हट्ट. आरसो केल्ल्या घराक निवेद जाय म्हणटा. माईनीं आपल्या हातान केल्यो."

गोदूने तावावर टिचकी मारली, कान लावला, ताव बाजूला ठेवला. मग वर पाहिले.

"कितें म्हणलें, काका? मोट्यान सांगात. तुमकां खबर आसा न्ही, म्हाका आयकूंक येना."

वडिलांनी रंधा खाली ठेवला. चुलत्यांनी माझ्याकडे पाहिले. मी कुंचला धुत होते आणि धुतच राहिले.

"पातोळ्यो," ते थोडे मोठ्याने म्हणाले.

"आं?"

"पातोळ्यो! माईनीं धाडल्यात!"

समोर शिवरामभाऊ तराजू हातात धरून थांबले. "कोणाक?" गोदूने विचारले.

"तुका!"

"म्हाका म्हणल्यार कोणाक?"

चुलत्यांचा चेहरा शेंदरी झाला. पायरीखाली दोन बाया थांबल्या होत्या आणि पोदेराने सायकलवरून पाय खाली टेकवला होता. चुलत्यांनी डोळे मिटले आणि बाजाराच्या दुसऱ्या टोकाला जाईल एवढ्या आवाजात म्हणाले, "गोदावरीक!"

"आतां आयकूंक आयलें," गोदू म्हणाली आणि पुडके घेतले.

पातोळ्या सात होत्या. गूळ कमी पडला होता. गोदूने त्यातल्या चार तिथेच खाल्ल्या, फळीवर बसून, रस्त्याकडे तोंड करून.